गवतावरची मासेमारी

इंग्लंड-स्कॉटलंडात उन्हाळ्यात ‘कंट्री फेअर’ भरतात. एखाद्या जुन्या उमराव घराण्याच्या हवेलीभोवतीचं कुरण, त्यावर तंबू, शिकारी कुत्र्यांच्या कसरती, ससाणे, घोडे, चीजचे ठेले. या गर्दीत एका बाजूला दोऱ्या बांधून मोकळी राखलेली हिरवळ हमखास दिसते. लोक तिथे रांग लावतात, नऊ फुटी लवचीक रॉड हातात घेतात आणि फ्लाय फिशिंगचा पहिला धडा गिरवतात. पाणी नसतं, मासा नसतो. लाइनच्या टोकाला गळही नसतो. त्याच्या जागी भडक रंगाच्या लोकरीचा बारीकसा गोंडा असतो. वाऱ्याने लाइन वेडीवाकडी येते म्हणून डोक्यावर टोपी आणि डोळ्यांवर चष्मा घालायला लावतात. थोड्या वेळात शिकणाऱ्याची लाइन एकदा तरी हवेत सरळ उलगडते, त्याचा चेहरा खुलतो आणि रांगेतला पुढचा माणूस पुढे सरकतो.

पाण्याशी जखडलेली ही विद्या गवतावर कशी आली, हे शोधण्यासारखं आहे.

मुळात ती शिकावी का लागते, ते आधी सांगतो. आपल्याकडे तळ्यावर गळ टाकताना आमिषाचं किंवा शिशाचं वजन दोरीला ओढून नेतं. फ्लाय फिशिंगमध्ये हे नेमकं उलटं असतं. पिसं आणि रेशीम गुंडाळून बनवलेल्या माशीला वजन जवळजवळ नसतंच. वजन असतं लाइनला. लाइन आधी मागच्या बाजूला हवेत पूर्ण उलगडू द्यायची, तिच्या ओढीने रॉड वाकू द्यायचा, मग तो पुढे आणून एकदम थांबवायचा. लाइनचा अरुंद लूप पुढे पुढे सरकतो आणि शेवटी माशी पाण्यावर अलगद टेकते. नवशिक्याचा हात मात्र पोतराजाने आसूड ओढावा तसा चालतो. मागे ‘फट्’ असा आवाज होतो, आणि खरी माशी बांधलेली असेल तर ती तुटून जाते. जोर कमी आणि थांबणं नेमकं, एवढंच काय ते शिकायचं. पण हे वाचून अंगात मुरत नाही. कुणीतरी हात धरून दाखवावं लागतं.

अशा मासेमारीचं फार जुनं वर्णन इ.स. 200 च्या सुमाराचं आहे. एलियन हा ग्रीकमध्ये लिहिणारा रोमन लेखक. मॅसिडोनियात एका नदीवरचे लोक गळाला तांबडी लोकर गुंडाळतात आणि कोंबड्याच्या गळ्याखालची दोन पिसं लावतात, असं तो सांगतो. त्यांची काठी सहा फुटांची आणि दोरीही तेवढीच. एवढ्या आखूड दोरीला फेकण्याचं कसब लागत नाही. इंग्लंडात 1496 साली विंकिन द वर्ड या मुद्रकाने गळाच्या मासेमारीवरचा एक निबंध छापला. त्यात बारा माश्यांची कृती आहे, घोड्याच्या शेपटीचे केस रंगवून दोरी कशी वळावी हेही आहे. पण दोरी काठीच्या टोकालाच बांधलेली, तेव्हा फेकण्याचा पल्ला बेताचाच.

खऱ्या अर्थाने ‘धडा’ म्हणावा असं काही प्रथम दिसतं ते 1676 साली. आयझॅक वॉल्टनचं ‘द कम्प्लीट अँग्लर’ हे मासेमारीवरचं पुस्तक 1653 चं. त्याच्या पाचव्या आवृत्तीला चार्ल्स कॉटन या त्याच्या तरुण कवीमित्राने दुसरा भाग जोडला. त्यात डर्बीशायरमध्ये आलेल्या एका वाटसरूला कॉटन स्वतःच्या घरी ठेवून घेतो, डव्ह नदीवर नेतो, माशी बांधायला शिकवतो, लाइन बारीक ठेवून लांबून मासा गाठायला सांगतो. चुकलं की सांभाळून घेतो, जमलं की शाबासकी देतो. जत्रेतल्या शिक्षकाचा मूळपुरुष मला इथे दिसतो. फरक एवढाच की कॉटनच्या शिष्याला नदीकाठी घरदार असलेला यजमान भेटला होता. असा यजमान ज्याच्या नशिबी नाही, त्याला ही विद्या बंदच होती, आणि पुढची दोनशे वर्षं ती बापाकडून मुलाकडे किंवा नोकराकडून धन्याकडे, नदीच्या काठावरच जात राहिली.

एकोणिसाव्या शतकात हे दार आणखी घट्ट झालं. हँपशायरमधल्या टेस्ट नदीवरचा हौटन क्लब 1822 चा. मोजके सभासद, बाकीच्यांना मज्जाव. याच भागातल्या स्वच्छ, संथ नद्यांवर फ्रेडरिक हॅलफर्डने पाण्यावर तरंगणाऱ्या कोरड्या माशीचं शास्त्र मांडलं. त्याची पुस्तकं 1886 आणि 1889 ची. माशी कोरडी राहावी म्हणून पाण्यावर टेकवण्याआधी लाइन हवेतच दोन-तीनदा पुढेमागे फिरवायची, ही रीत याच काळात रूढ झाली. तोवर बांबूच्या सहा पट्ट्या चिकटवून केलेले रॉड आणि तेल पाजलेल्या वजनदार रेशमी लाइन आल्या होत्या, त्यामुळे वाऱ्यातही लांब फेक शक्य झाली. मला हा फार मोठा वळणबिंदू वाटतो. लाइनचं हवेतलं फिरणं आता डोळ्यांना दिसू लागलं, बघत उभं राहावं इतकं देखणं झालं. आणि जे बघत राहावंसं वाटतं त्याचे सामने भरतातच.

ते भरले अमेरिकेत. 1880 च्या दशकात न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या हार्लेम मीर या तळ्यावर फेकीचे सामने होऊ लागले. लाकडी फलाटावर उभं राहायचं, लाइन फेकायची, फुटांत अंतर मोजायचं. मासा पकडण्याचा प्रश्नच नाही. 1883 साली लंडनला आंतरराष्ट्रीय मत्स्य प्रदर्शन भरलं, तेव्हा सिराक्यूजचा रूबेन वुड तिथे गेला आणि हेंडनच्या वेल्श हार्प जलाशयावर इंग्रजांच्या बरोबरीने सामन्यात उतरला. 1893 च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनातही सामने झाले. पुढे लांबीबरोबर नेमही आला: पाण्यावर तीस इंची कडी तरंगत ठेवायची आणि माशी तिच्यात पाडायची. जुन्या मासेमारांना हा पोरखेळ वाटला. पण फेक ही नदीपासून सुटी करता येते, बागेतल्या तळ्यावर, प्रदर्शनाच्या मांडवात, तिकीट काढून आलेल्या माणसांसमोर करता येते, हे याच स्पर्धकांनी सिद्ध केलं.

न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये 1890 च्या दशकात शिकार-मासेमारीची प्रदर्शनं सुरू झाली. मेन राज्याची कॉर्नेलिया क्रॉस्बी तिथे लाकडी झोपडी उभारून, जिवंत ट्राउट माशांची टाकी ठेवून आपल्या जंगलांची जाहिरात करायची. लोक तिला ‘फ्लाय रॉड’ याच नावाने ओळखत. 1897 साली मेनने वाटाड्यांना परवाने द्यायला सुरुवात केली, तेव्हा पहिला परवाना तिला मिळाला. शहरी गर्दीला मासेमारी दाखवणारी ही बाई माझ्या लेखी या वंशावळीतली महत्त्वाची कडी आहे.

तिच्यानंतरचं नाव जोन वुल्फ. 1926 साली न्यू जर्सीत जन्मलेली, माहेरची साल्वाटोरे. वडील गावच्या कास्टिंग क्लबात जायचे. ती लहानपणीच रॉड धरायला शिकली. नृत्यही शिकली आणि पुढे शिकवूही लागली. 1943 ते 1960 या काळात तिने सतरा राष्ट्रीय किताब मिळवले. 1951 साली लांब फेकीच्या एका प्रकारात तिने साऱ्या पुरुष स्पर्धकांना हरवलं. 1960 मधली तिची एक फेक 161 फुटांची आहे. पण विक्रमांपेक्षा तिचं शिकवणं मोठं. चण बेताची असल्याने पुरुषांसारखा दांडगा जोर लावणं तिला परवडणारं नव्हतं, म्हणून कुठल्या क्षणी कोणता सांधा हलतो हे तिने बारकाईने पाहिलं. नृत्याच्या शिक्षिकेने पदन्यास फोडून सांगावा तसे तिने फेकीचे टप्पे पाडले, त्यांना नावं दिली. 1979 च्या सुमारास तिने पतीबरोबर कॅट्सकिल डोंगरात बीव्हरकिल नदीवर शाळा काढली. 1987 मध्ये फेकीच्या तंत्रावरचं तिचं पुस्तक आलं. तोवर शिकवण्याची भाषा अशी होती: कोपर अंगाला चिकटव, काखेत पुस्तक धर, पुस्तक पडलं की चुकलास. किंवा घड्याळाचे आकडे: दहा आणि दोनच्या मध्ये रॉड हलव. नॉर्मन मॅक्लीनच्या 1976 च्या ‘अ रिव्हर रन्स थ्रू इट’ या लघुकादंबरीतले पाद्री वडील तर मुलांना मेट्रोनोमच्या, म्हणजे ताल मोजणाऱ्या यंत्राच्या, ठोक्यावर शिकवतात. त्यावरचा रॉबर्ट रेडफोर्डचा चित्रपट 1992 मध्ये आला आणि नदीचं तोंडही न पाहिलेली माणसं रॉड हातात घ्यायला उत्सुक झाली.

आता ब्रिटनकडे परत यायला हवं, कारण जत्रेतली हिरवळ तिथली. जमीनमालकांच्या संघटनेने, म्हणजे कंट्री लँडओनर्स असोसिएशनने, 1958 साली न्यूमार्केटजवळच्या स्टेचवर्थ इथे पहिला ‘गेम फेअर’ भरवला. हेतू होता जमीनदारांना शिकारीच्या पक्ष्यांचं संगोपन दाखवण्याचा. लोटली ती सामान्य माणसं. त्याच सुमारास दुसरीकडे आणखी एक बदल घडत होता. मोठ्या शहरांना पाणी पुरवण्यासाठी धरणं बांधली जात होती आणि त्यांत ट्राउट सोडून दिवसाच्या तिकिटावर मासेमारी खुली होत होती. ब्रिस्टलजवळचं ब्लॅगडन 1904 पासूनच खुलं होतं. 1950 च्या दशकात च्यू व्हॅली आलं, 1966 मध्ये ग्राफम, 1970 च्या दशकात रटलंड. कारखान्यातला कामगार, शाळामास्तर, दुकानदार यांना पहिल्यांदाच ट्राउटचं पाणी परवडू लागलं. पाणी होतं, हौस होती. शिकवणारा काका-मामा मात्र घरात नव्हता. तो त्यांना जत्रेत भेटला.

साधनंही याच वेळी बदलली. रेशमी लाइन तरंगावी म्हणून तिला चरबी चोळावी लागे आणि संध्याकाळी सोडून वाळवावी लागे, नाहीतर कुजे. दिवसभर शेकडो अनोळखी हातांत ती देणं कुणालाच परवडलं नसतं. 1950 च्या दशकात प्लास्टिकचा मुलामा दिलेल्या लाइन आल्या, बांबूऐवजी फायबरग्लासचे आणि 1970 च्या दशकात कार्बनचे रॉड आले. 1961 पासून लाइनच्या पहिल्या तीस फुटांच्या वजनावरून तिला क्रमांक मिळू लागला. त्याच क्रमांकाचा रॉड उचलला की जोडी जमली. आज ठेल्यावर नवशिक्याच्या हाती बहुधा पाच किंवा सहा नंबरचा संच देतात, तो या व्यवस्थेमुळे.

आणि शिकवणाऱ्यांची परीक्षा सुरू झाली. ब्रिटनमध्ये शिक्षकांच्या संघटना उभ्या राहिल्या. अमेरिकेत फेडरेशन ऑफ फ्लाय फिशर्सने 1992 मध्ये प्रमाणपत्रं द्यायला सुरुवात केली. त्यात मेल क्रीगर या कॅलिफोर्नियातल्या शिक्षकाचा मोठा वाटा होता. गॅमेल पितापुत्रांनी चांगल्या फेकीची पाच सूत्रं मांडली: लाइन ढिली नको, रॉडचं टोक सरळ रेषेत हलावं, लाइन जेवढी लांब तेवढा झोका मोठा, जोर हळूहळू वाढत जावा, आणि प्रत्येक झोक्याच्या शेवटी लाइन उलगडेपर्यंत थांबावं. उत्तम फेकणारा उत्तम शिकवेलच असं नाही, हे या परीक्षांनी मान्य केलं. मला वाटतं, जत्रेतल्या धड्याचा दर्जा खरा सुधारला तो यामुळे.

चांगल्या शिक्षकाच्या बाजूला उभं राहून नुसतं बघावं. तो आधी लाइन गवतावर सरळ अंथरतो, ढील काढतो. अंगठा मुठीवर, टोकाच्या दिशेने. पहिल्या फेकी उभ्या नाहीत, आडव्या: रॉड जमिनीला समांतर, म्हणजे लूप शिकणाऱ्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो. मनगट फार मोडत असेल तर रॉडचा बुंधा सदऱ्याच्या बाहीत खुपसून देतो. मनगटाला वाकायला जागाच उरत नाही. मग तोंडाने ताल: ‘मागे... थांब... पुढे.’ मागे वळून लाइन बघ म्हणतो, कारण ती पूर्ण उलगडायच्या आत पुढे ओढण्याची घाई सगळेच करतात. लाइन मागे न उडवता पुढे टाकायची फेक, म्हणजे रोल कास्ट, शिकवताना गवताची अडचण होते. त्या फेकीला पाण्याने लाइन धरून ठेवावी लागते आणि गवत ती धरत नाही. मग शिक्षक लाइनचं टोक कागद अडकवायच्या क्लिपबोर्डच्या चिमट्यात अडकवतो. पाण्याचं काम चिमटा करतो आणि धडा पुढे चालतो.

या हिरवळीची एक शाखा इस्पितळांकडे गेली आहे, ती सांगायलाच हवी. 1996 मध्ये व्हरमाँटात ‘कास्टिंग फॉर रिकव्हरी’ सुरू झालं. स्तनाच्या कर्करोगातून गेलेल्या बायकांना शस्त्रक्रियेनंतर हात-खांदा हळुवार हलवायचा असतो, आणि फेकीची हालचाल नेमकी तशी आहे. 2005 मध्ये वॉल्टर रीड या लष्करी इस्पितळात जखमी सैनिकांसाठी ‘प्रोजेक्ट हीलिंग वॉटर्स’ उभं राहिलं. अंतर मोजणाऱ्या स्पर्धकांनी जे मैदान नदीपासून तोडलं, ते अशा माणसांच्या कामी आलं.

आपल्या मंडळींपैकी कुणी सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास असेल, तर गोल्डन गेट पार्कमध्ये 1938 साली बांधलेले कास्टिंगचे तीन तलाव आहेत. त्यांत मासे नाहीत, सराव कुणालाही करता येतो, आणि तिथला क्लब नवशिक्यांना विनामूल्य धडे देत आला आहे. क्लबकडे तारखांची चौकशी करा, टोपी आणि चष्मा घ्या, पोरांनाही न्या. मासेमारीचा परवाना लागत नाही.