६१७४ (संख्या)

६१७४ (सहा हजार एकशे चौऱ्याहत्तर) ही ६१७३ नंतरची व ६१७५ पूर्वीची नैसर्गिक संख्या आहे. ती 'कापरेकर स्थिरांक' या नावाने ओळखली जाते. नाशिकजवळील देवळाली येथे शालेय शिक्षक असलेले गणितज्ञ दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी १९४९ मध्ये तिचा विशेष गुणधर्म शोधून काढला. अमेरिकन लेखक मार्टिन गार्डनर यांच्या १९७५ मधील लेखामुळे कापरेकरांचे कार्य जगभर पोहोचले.

कापरेकर प्रक्रिया

सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून होणाऱ्या संख्येतून चढत्या क्रमाने मांडून होणारी संख्या वजा करावी. उत्तरावर हीच क्रिया पुन्हा करावी. उत्तर चार अंकांपेक्षा लहान आल्यास आरंभी शून्य लिहून चार अंक पूर्ण करावेत. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ ही संख्या मिळते व पुढे तीच येत राहते.

उदाहरणार्थ, १९४९ या संख्येस सातही पायऱ्या लागतात :

९९४१ − १४९९ = ८४४२
८४४२ − २४४८ = ५९९४
९९५४ − ४५९९ = ५३५५
५५५३ − ३५५५ = १९९८
९९८१ − १८९९ = ८०८२
८८२० − ०२८८ = ८५३२
८५३२ − २३५८ = ६१७४

यानंतर ७६४१ − १४६७ = ६१७४.

सिद्धता

उतरत्या क्रमातील अंक क, ख, ग, घ मानल्यास वजाबाकी ९९९ × (क − घ) + ९० × (ख − ग) इतकी येते. म्हणजेच ती केवळ दोन फरकांवर अवलंबून असते. पहिला फरक १ ते ९ यांपैकी असतो आणि दुसरा ० पासून पहिल्या फरकापर्यंत कोणताही असू शकतो. अशा एकूण ५४ जोड्या होतात. त्यामुळे ०००० ते ९९९९ यांमधील सारख्या अंकांच्या दहा संख्या वगळता उरणाऱ्या ९,९९० संख्यांविषयीचे हे विधान अवघी ५४ उत्तरे तपासून सिद्ध करता येते. ही सर्व उत्तरे ९ ने विभाज्य असतात.

इतर गुणधर्म

* मूळ अवयव : ६१७४ = २ × ३ × ३ × ७ × ७ × ७. या अवयवांच्या वर्गांची बेरीज १६९, म्हणजे १३ चा वर्ग आहे.
* विभाजकांची संख्या २४ असून त्यांची बेरीज १५,६०० आहे.
* अंकांची बेरीज १८ असून ६१७४ ÷ १८ = ३४३. म्हणून ही 'हर्षद संख्या' आहे. ही संज्ञाही कापरेकर यांचीच आहे.
* १८ चा घन, १८ चा वर्ग आणि १८ यांची बेरीज ६१७४ होते (५८३२ + ३२४ + १८).
* ६१७४ पेक्षा लहान आणि तिच्याशी सहमूळ असलेल्या संख्या १७६४ आहेत. १७६४ मध्ये तेच चार अंक असून तो ४२ चा वर्ग आहे.
* द्विमान पद्धतीत ही संख्या ११००००००११११० अशी लिहिली जाते.

'कापरेकर संख्या' ही स्वतंत्र संकल्पना आहे. ६१७४ ही त्या प्रकारची संख्या नाही.

इतर अंकसंख्या

तीन अंकी संख्यांसाठी असा स्थिरांक ४९५ आहे. दोन अंकी संख्यांत मात्र ९, ८१, ६३, २७, ४५ असे चक्र मिळते. पाच अंकी संख्यांतही एकच स्थिरांक नसून चक्रे आढळतात.