कवकजन्य फुप्फुसविकार : किरणोत्सर्गी मागोवकांनी प्रतिमांकन

प्राण्यांच्या फुप्फुसात शिरून वाढणाऱ्या बुरशीचा ठाव, शरीरात टोचलेल्या अल्पायुषी किरणोत्सर्गी द्रव्याच्या उत्सर्जनावरून, प्राणी जिवंत असतानाच घेण्याची पद्धती. पेंग्विन, ससाणे, पोपट हे पक्षी या विकाराला निसर्गतःच फार बळी पडतात. परंतु पद्धतीचा अभ्यास झाला तो मुख्यतः प्रयोगशाळेतील उंदरांवर, आणि तोही ॲस्परजिलस फ्युमिगेटस या बुरशीसंबंधी.

या बुरशीचे दोन ते तीन मायक्रोमीटर व्यासाचे बीजाणू श्वासाबरोबर फुप्फुसात जातच असतात व निरोगी शरीरात भक्षकपेशी त्यांचा परस्पर निकाल लावतात. पण श्वेतपेशींचा दुष्काळ पडला म्हणजे त्यांतून तंतू फुटतात, ते रक्तवाहिन्या भेदतात, आणि रोगाची निश्चिती होईपर्यंत इलाजाची वेळ पुष्कळदा टळून गेलेली असते. क्ष-किरणचित्रात गाठ दिसते, ती बुरशीची की जिवाणूंची याचा खुलासा होत नाही. फ्लोरिन-१८ युक्त ग्लुकोजही, कर्करोग असो वा साधा दाह असो, जेथे साखरेचा खप वाढला तेथे साठत असल्याने, या कामी अपुरेच पडते.

यावरील तोड बुरशीच्याच एका गरजेत सापडली. प्राण्याच्या शरीरात लोह विपुल असले, तरी ते ट्रान्सफेरिनादी प्रथिनांच्या कडेकोट बंदोबस्तात असते. ते हस्तगत करण्यासाठी बुरशी सिडेरोफोर नावाचे लहान रेणू बाहेर सोडते आणि लोह पकडलेले तेच रेणू पेशीपटलावरील खास वाहकांकरवी परत आत घेते. सस्तन प्राण्यांच्या पेशींत हे वाहक नसतात. त्रिसंयुजी लोहाच्या आयनाची त्रिज्या ६४.५ पिकोमीटर व गॅलियमची ६२. ही तफावत इतकी क्षुल्लक की सिडेरोफोर गॅलियमलाही लोहासारखेच कवटाळतो, आणि एरवी इतकी सावध असणारी बुरशी तो ऐवज बिनतक्रार स्वीकारते. गॅलियम-६८ मधून निघालेला पॉझिट्रॉन इलेक्ट्रॉनशी भिडून नष्ट होताना ५११ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टचे दोन फोटॉन परस्परविरुद्ध दिशांना जातात व शोधकांच्या कड्यात टिपले जाऊन उगमस्थान दाखवितात. या समस्थानिकाचे अर्धायुष्य अवघे ६८ मिनिटांचे. तथापि त्याच्या जनक जर्मेनियम-६८ चे सुमारे २७१ दिवसांचे असल्यामुळे, मेजावर मावणाऱ्या जनित्रातून तो गरजेप्रमाणे काढता येतो व सायक्लोट्रॉनचे उंबरे झिजवावे लागत नाहीत.

ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे मिलोश पेट्रिक, हुबर्टस हास, क्लेमेन्स डेक्रिस्टोफोरो व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये या कल्पनेचा पहिला भक्कम दाखला प्रसिद्ध केला. औषधाने श्वेतपेशी घटविलेल्या रॅट जातीच्या उंदरांना श्वासनलिकेवाटे बीजाणू देऊन, मागाहून ट्रायॲसिटिलफ्युसारिनिन-सी या सिडेरोफोरशी बद्ध केलेले गॅलियम टोचले असता, रोगग्रस्त फुप्फुसात ते साठले व रोगाच्या तीव्रतेनुसार साठा वाढला. निरोगी उंदरात मात्र ते मूत्रावाटे झपाट्याने निघून गेले. फेरिऑक्झामीन-ई या रेणूनेही चित्र चांगले येते; पण तो जिवाणूंपासून मिळणारा असून काही जिवाणू त्याचा स्वीकार करीत असल्याने, बुरशीची ओळख पटविण्याच्या कसोटीस पहिलाच अधिक उतरतो.

दुसरा मार्ग प्रतिपिंडांचा. २०१६ मध्ये इंग्लंडमधील एक्सेटर व जर्मनीतील ट्यूबिंगेन येथील संशोधकांनी जेएफ-५ हा प्रतिपिंड तांबे-६४ ने अंकित करून लहान उंदरांत वापरला. वाढत्या तंतूंतून स्रवणाऱ्या प्रतिजनालाच तो चिकटत असल्याने जिवाणुजन्य फुप्फुसदाहापासून हा रोग वेगळा ओळखता आला. प्रतिपिंड रक्तात दीर्घकाळ रेंगाळतो, सबब त्यासाठी १२.७ तास अर्धायुष्याचे तांबे-६४ घ्यावे लागते.