दादीचं अच्छेर आणि मदिन्याचा साअ

सिन्नरच्या आमच्या घरात दादीचं एक पितळी अच्छेर आहे, दूध मोजायचं. परवा पाण्यानं भरून पाहिलं, तर जेमतेम साडेचारशे मिलीलिटर भरलं.

दादी सांगायची, लिटर नवा आला तेव्हा गवळी भाव लिटरचा घेई आणि माप मात्र जुन्या शेराचं घाली. ८० तोळ्यांचा शेर म्हणजे ९३३ ग्रॅम. तेवढं दूध लिटरला सुमारे ९० मिलीलिटर कमी भरतं. भारतात वजनमापांचा कायदा १९५६ साली झाला, १९५८ पासून दशमान वजनं टप्प्याटप्प्यानं आली आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला सक्तीची झाली. कायदा दिल्लीत झाला, पण फरकाचा भुर्दंड दादीच्या चुलीजवळ बसला.

नाव एक आणि माप दोन, ही गोष्ट जगभर घडली आहे. इंग्लंडमध्ये १७०७ साली दारूचा गॅलन २३१ घन इंचांचा ठरला. अमेरिकेनं तोच ठेवला, तो ३.७८५ लिटरचा. इंग्लंडनं १८२४ साली नवा गॅलन आणला, तो ४.५४६ लिटरचा. आपल्याकडे पेट्रोल याच दुसऱ्या गॅलननं विकलं जाई.

आपल्या घरातही हा प्रश्न आहेच. साअ हे मुळात आकारमानाचं माप, वजनाचं नव्हे. हदीसमध्ये वुजूसाठी एक मुद्द आणि गुस्लसाठी एक साअ पाणी येतं. चार मुद्दांचा एक साअ. इराकचे फकीह साअ आठ रतलांचा मानत, मदिन्याचे पाच पूर्णांक एक तृतीयांश रतलांचा. हारून अल-रशीदच्या काळातले काझी अबू यूसुफ मदिन्याला गेले, तेव्हा लोकांनी बापजाद्यांपासून घरात चालत आलेली साअची मापं आणून दाखवली, असं सांगितलं जातं. त्यांनी ती मोजली आणि आपले गुरू अबू हनीफा यांचं मत सोडून मदिन्याचं माप मान्य केलं.

मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. एवढ्या मोठ्या विद्वानानं गुरूच्या मतापेक्षा समोरच्या भांड्यावर भरवसा ठेवला.

रमजानमध्ये फित्र्याच्या गव्हाचे आकडे वेगवेगळे ऐकू येतात. कुणी पावणेदोन किलोच्या आत सांगतं, कुणी अडीच किलो. मग आपण भांडतो. कुरआनात मापात मारणाऱ्यांवर एक अख्खी सूरह आहे, अल-मुतफ्फिफीन. दादीला वाद ठाऊक नव्हता. फित्र्याचे गहू देताना ती माप शिगोशीग भरायची आणि वर एक मूठ टाकायची. घेणाऱ्याच्या पदरात कमी पडू नये, एवढाच तिचा हिशोब होता. आमच्या घरात तोच चालतो.