यंत्र आलं, गुरुजींचं शिकणं राहिलं

नवी तिफण दारात आणून उभी केली म्हणून पेरणी होत नाही. चाड्यावर मूठ धरणारं माणूस लागतं, आणि ती मूठ कुणीतरी शेजारी चालून शिकवलेली असते. शाळेतल्या यंत्रांचंही तसंच आहे.

आमचा भाग अक्कलकोटकडचा, पलीकडं लगेच कर्नाटक. 1975-76 साली तिकडं विजापूर, गुलबर्गा, रायचूर जिल्ह्यांतल्या काही गावांत उपग्रहावरून टीव्ही दिसायचा. 'साइट' नावाचा प्रयोग होता तो, सहा राज्यांतली 2400 गावं त्यात होती. त्या वर्षात जवळपास 50 हजार प्राथमिक शिक्षकांना विज्ञान कसं शिकवावं याचं प्रशिक्षण मिळालं. नुसता टीव्ही नव्हता. जोडीला रेडिओ, छापील साहित्य आणि हातानं करून बघायचे प्रयोग होते.

पुढं 1984 ला केंद्र सरकारनं 'क्लास' प्रकल्प काढला. सुरुवातीला 250 शाळांत बीबीसी मायक्रो संगणक गेले. आपल्याकडं संगणक खरा पोचला तो 2001 नंतर, एमएस-सीआयटीच्या रूपानं. गुरुजी लोकांनी फी भरून, रात्री क्लासला जाऊन प्रमाणपत्रं मिळवली. टायपिंग आलं, तक्ते आले. पण पाचवीच्या पोरांना अपूर्णांक त्या यंत्रावर कसे दाखवायचे, हे त्यात नव्हतं.

मी शाळेच्या समितीवर होतो तेव्हा संगणकाची खोली कुलपातच असायची. लोक मास्तरला आळशी म्हणायचे. पण दिवसभर लोडशेडिंग, आणि काही बिघडलं तर डेड स्टॉक रजिस्टरावर सही त्याची. मग तो कशाला हात लावील? बदलून आलेल्या एका बाईंनी ते कुलूप काढलं. त्या कुठल्या मोठ्या शिबिरात शिकल्या नव्हत्या. केंद्रातल्याच दुसऱ्या शिक्षकाच्या वर्गात जाऊन, बघून आल्या होत्या.

2015 नंतर 'तंत्रस्नेही शिक्षक' हा शब्द कानावर यायला लागला. आमच्याच सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडले. 2020 ला त्यांना ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. 10 लाख डॉलरमधली निम्मी रक्कम त्यांनी बरोबरच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली. 2017 पासून 'दीक्षा'वर मोबाईलमध्येच प्रशिक्षण मिळतं. सोय चांगली आहे, पण घरी रात्री जागून व्हिडिओ संपवणं म्हणजे शिकणं न्हवं.

आम्हा शेतकऱ्यांची शेतीशाळा बांधावर भरते, एक दिवस नाही तर हंगामभर. कीड दिसली की तिथंच पान उलटून दाखवतात. गुरुजींनाही असंच शिकायला मिळावं, शाळेच्या वेळात, वर्गातच. आणि नवं यंत्र द्यायच्या आधी तेवढा वेळ त्यांच्या नावावर लिहून द्यावा.