गिर्यारोहणाचा सरंजाम आणि मॅटरहॉर्नचा दोर

'परतीचे दोर कापणे' हा वाक्प्रचार आपण सर्वांनीच कधी ना कधी वापरला असेल. इ. स. १६७० च्या फेब्रुवारीत कोंढाण्यावर तानाजी मालुसरे पडले, मावळ्यांचा धीर सुटला, आणि ज्या दोरांनी ते कडा चढून आले होते त्यांच्याकडेच ते धावू लागले. तेव्हा दोर केव्हाच कापून टाकले आहेत असे सांगून सूर्याजीने त्यांना मागे फिरविले, ही आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आज मी ज्या दोराची हकीकत सांगणार आहे त्याची तऱ्हा उलटी. तो तुटला होता; पण एका वाटाड्याने तो कापला, असा प्रवाद उठला आणि त्या वाटाड्याच्या पाठीस तो जन्मभर लागला.

ही हकीकत निवडण्याचे कारण साधे आहे. सुटीत डोंगरात जाणारे तरुण भेटतात, आणि कोणता दोर घ्यावा, कोणते बूट घ्यावेत, तंबू किती वजनाचा असावा, हे विचारतात. प्रश्न रास्त आहेत. परंतु ते विचारणाऱ्याची अशी समजूत दिसते की, दुकानात निवड झाली म्हणजे काम संपले. वस्तुतः निवड दोनदा होते. एकदा पैसे मोजताना, आणि दुसऱ्यांदा डोंगरावर, पाठीवरच्या पिशवीतून वस्तू बाहेर काढताना. पहिली चुकली तर पैसे जातात. दुसरी चुकली तर काय होते, ते १८६५ साली आल्प्स पर्वतात दिसले.

एडवर्ड व्हिंपर हा लंडनचा एक लाकडावर चित्रे कोरणारा कारागीर. १८६० साली, वयाच्या विसाव्या वर्षी, एका प्रकाशकासाठी चित्रे काढावयास तो आल्प्समध्ये गेला आणि डोंगरांच्या नादी लागला. मॅटरहॉर्न हे सुमारे १४,७०० फूट उंचीचे शिखर स्वित्झर्लंड व इटली यांच्या सीमेवर आहे. त्यावर तोवर कोणी चढले नव्हते. व्हिंपरने पुनःपुन्हा प्रयत्न केले आणि पुनःपुन्हा तो परत फिरला. या माणसाला सरंजामाची नजर होती, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. त्याने स्वतःच्या कल्पनेने एक राहुटी बनविली: ॲश लाकडाच्या चार काठ्या, वर जाड सुती कापड, आणि खाली मेणकापडाची जमीन शिवून टाकलेली. वजन सुमारे तेवीस पौंड, आत चार माणसे झोपत. जमीन कापडाला शिवलेली असली की वारा खालून शिरत नाही आणि राहुटी उडून जात नाही. ही युक्ती इतकी उपयोगी ठरली की १९२० नंतरच्या एव्हरेस्टच्या मोहिमांतही व्हिंपरच्या नावाचेच तंबू नेलेले आढळतात. तात्पर्य, हा मनुष्य निष्काळजी नव्हता.

दोराच्या बाबतीतही त्या काळचे लोक गाफील नव्हते. लंडनच्या अल्पाइन क्लबने एक समिती नेमून दोर, काठ्या व बर्फ तोडण्याच्या कुऱ्हाडी यांची परीक्षा करविली होती. दोरांना वजने बांधून, ती उंचावरून सोडून, कोणता दोर तुटतो व कोणता टिकतो ते पाहिले. १८६४ साली तिचा अहवाल छापला गेला. मनिलाचा एक दोर पसंत ठरला, आणि अस्सल माल ओळखता यावा म्हणून त्यात लाल लोकरीचा धागा घातला जाऊ लागला. म्हणजे कोणता दोर चांगला, हे अपघाताच्या आदल्या वर्षीच छापून प्रसिद्ध झालेले होते.

व्हिंपरजवळ त्या दिवशी तीन जातींचे दोर होते. एक क्लबच्या पसंतीचा मनिलाचा, दुसरा त्याहूनही मजबूत समजला जाणारा, आणि तिसरा जुना, बारीक व हलका; लंडनच्या वरखाली सरकणाऱ्या खिडक्यांना लावतात तसल्या जातीचा.

१४ जुलै १८६५ रोजी दुपारी सात जण शिखरावर पोहोचले. व्हिंपर, धर्मोपदेशक चार्ल्स हडसन, लॉर्ड फ्रान्सिस डग्लस, एकोणीस वर्षांचा डग्लस हॅडो, फ्रेंच वाटाड्या मिशेल क्रो, आणि झरमॅटचे वाटाडे थोरला व धाकटा पीटर टाउगवाल्डर. अवघड जागी एक दोर खडकाला बांधून ठेवावा आणि उतरताना त्याचा आधार घ्यावा, असे व्हिंपरने हडसनला सुचविले होते. हडसनला ते पटलेही. पण 'करूच' असे ठरले नाही, आणि ते राहून गेले. बैठकीत सर्वांना मान्य झालेली आणि कोणाकडेच न सोपविलेली कामे आपणही पाहिलेली आहेत.

उतरताना माणसे दोरात बांधली जात होती तेव्हा व्हिंपर शिखराचे चित्र काढीत होता. मग सर्वांची नावे लिहून बाटलीत ठेवावयाची राहिली आहेत असे कोणाच्या तरी ध्यानात आले, आणि तेही काम त्याच्याकडे आले. तोवर बाकीचे पुढे निघाले. सर्वांत पुढे क्रो, मग हॅडो, मग हडसन, मग डग्लस, मग थोरला टाउगवाल्डर. व्हिंपर व धाकटा पीटर मागाहून येऊन मिळाले. आणि काही वेळाने डग्लसच्याच विनंतीवरून ते टाउगवाल्डरच्या मागे बांधले गेले. कोणी घसरले तर एकट्या टाउगवाल्डरच्याने तोल सांभाळवणार नाही, अशी भीती डग्लसने बोलून दाखविली होती.

क्रोने कुऱ्हाड बाजूला ठेवली होती आणि तो हॅडोचे पाय धरून एकेक पायरीवर टेकवीत होता. तो वळून पुढे उतरणार, इतक्यात हॅडो घसरला व क्रोच्या अंगावर आदळला. ते दोघे गेले. त्यांच्या हिसक्याने हडसन, आणि लागलीच डग्लस. वरचे तिघे खडकाला चिकटून घट्ट उभे राहिले. व्हिंपर आणि टाउगवाल्डर यांच्यामधला दोर ताणलेला होता, म्हणून त्या दोघांवर हिसका एकदमच आला आणि त्यांनी तो पेलला. मग टाउगवाल्डर व डग्लस यांच्यामधला दोर अधावर तुटला, आणि चौघे सुमारे चार हजार फूट खाली हिमनदीवर कोसळले. डग्लसचे शव आजतागायत सापडलेले नाही.

तुटलेले टोक व्हिंपरने नंतर पाहिले तेव्हा तो थक्क झाला. तो तिसऱ्या जातीचा, म्हणजे सर्वांत दुबळा दोर होता. अडीचशे फुटांहून अधिक चांगला दोर त्या वेळी त्यांच्याजवळ नुसता गुंडाळून पडलेला होता.

झरमॅटला चौकशी झाली. टाउगवाल्डरने सांगितले की, पुढच्या चौघांचा दोर आपल्यापर्यंत पुरला नाही, म्हणून दुसरा जोडला. न्यायाधीशांनी त्याला दोषमुक्त केले. दोर कापलेला नाही, तुटलेला आहे, हे व्हिंपरनेही लिहिले. पण नेमका दुबळा दोर का घेतला, ही शंकाही त्याने लिहून ठेवली आणि तिने त्या गरीब माणसाचे नुकसान केले. माझे स्वतःचे मत असे की दोष एकट्या टाउगवाल्डरचा मानता येत नाही. दुबळा दोर डोंगरावर कोणी आणला? व्हिंपरने. बांधताना पाहावयाचे कोणी राहिले? सर्वांनीच. आणि उतरताना सर्वांत बलवान माणूस सर्वांच्या वर असावा, कारण घसरणाऱ्याला वरूनच धरता येते, हा नियम असता क्रो सर्वांत खाली होता. दोर मजबूत असता तर सातही जण वाचले असते की सातही जण गेले असते, यावर आजही वाद होतो. मी त्यात पडत नाही. तुटलेला दोर झरमॅटच्या संग्रहालयात जपून ठेवलेला आहे.

पुढे दोर बदलले. तागामनिलाचा दोर ओला झाला की फुगतो, गोठला की तारेसारखा ताठ होतो, आणि मुख्य म्हणजे फारसा ताणला जात नाही, त्यामुळे पडणाऱ्याचा सारा हिसका एकदम बसतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नायलॉनचा दोर आला. तो ताणतो आणि हिसका पोटात घेतो. कपड्यांचीही अशीच कथा. १९२२ साली जॉर्ज फिंच या रसायनशास्त्रज्ञाने एव्हरेस्टवर बलूनच्या कापडात ईडर पक्ष्याची मऊ पिसे भरून शिवलेला कोट नेला. बाकीचे लोकरी कपड्यांत होते, आणि त्यांनी त्याची थट्टा केली. त्याच वर्षी २७ मे रोजी फिंच व जेफ्री ब्रूस प्राणवायूच्या साह्याने सुमारे २७,३०० फुटांपर्यंत गेले. तोवर इतक्या उंचीवर कोणी गेले नव्हते. पुढे पिसांचे कोट सर्वांच्याच अंगावर आले.

परंतु दुसरी निवड काही सुटली नाही. ३ जून १९५० रोजी मॉरिस हर्झोग व लुई लाशनाल अन्नपूर्णेच्या शिखरावर गेले. उतरताना हर्झोगने पिशवी उघडण्यासाठी हातमोजे काढून ठेवले आणि ते घसरत खाली निघून गेले. पिशवीत लोकरीचे जादा पायमोजे होते. ते हातांत चढविता आले असते. विरळ हवेत आणि थकव्यात त्याला ते सुचलेच नाही. हिमदंशाने त्याच्या हातापायांची बोटे गेली.

तीन वर्षांनी, २८ मे १९५३ च्या रात्री, एव्हरेस्टवर सुमारे २७,९०० फुटांवरच्या शेवटच्या तंबूत दोघे जण होते. तेनसिंगने बूट पायांतच ठेवले. आदल्या वर्षीच्या स्विस मोहिमेतले रेनडिअरच्या कातड्याचे होते ते. हिलरीने बूट काढून ठेवले. पहाटे पाहतो तो ते लोखंडासारखे गोठलेले. मग त्याने प्रायमस पेटविला, ज्या स्टोव्हचा फरफराट एके काळी आपल्याकडे घराघरांतून ऐकू येई तोच, आणि सुमारे दोन तास बूट त्या आचेवर धरले. तंबूत कातडे जळाल्याचा वास भरला. बूट पायांत जाण्याइतके मऊ झाले, आणि साडेसहाच्या सुमारास ते दोघे बाहेर पडले.