पाळीचा ताप

आजीचं माहेर हल्याळकडचं. तेव्हा तो कारवार जिल्हा मुंबई इलाख्यात होता. रानाला लागून भातशेती, आणि घराघरात हिवताप. आजी त्याला 'पाळीचा ताप' म्हणायची, कारण तो एक दिवस आड यायचा. "आज थोरल्याची पाळी, उद्या मधल्याची," असं धरून नांगरावर कोण जाणार ते ठरायचं म्हणे. पाळीच्या दिवशी हुडहुडी भरली की वाकळेवर वाकळ, वर घोंगडं, तरी दात वाजायचे. मग अंग भाजायचं, शेवटी दरदरून घाम सुटायचा आणि माणूस पेज मागायचा. पेजेला लिंबाचं जुनं लोणचं.

डासाने सोडलेले जंतू रक्ताच्या तांबड्या पेशींत वाढतात आणि साधारण ४८ तासांनी त्या फोडून बाहेर पडतात, म्हणून ही पाळी. रोनाल्ड रॉसने १८९७ मध्ये सिकंदराबादला डासाच्या पोटात ते जंतू पाहिले, पण आजीच्या घरी पुढेही कित्येक वर्षं दोष रानच्या पाण्यालाच.

ताप उतरला तरी माणूस फिकटच राही. पोरांच्या डाव्या बरगडीखाली पाणथरी हाताला लागायची. तेल लावताना पणजी तिथे हात हलका करायची. पहिलटकरणींना तर हा ताप फार वाईट. आजीची थोरली बहीण त्यातच गेली. तिचं नाव मी कधी ऐकलं नाही, आजी नुसतं 'अक्का' म्हणायची.

औषध म्हणजे काडेचिराइताचा काढा, नाहीतर कोयनेल. कोयनेलने कानात गुणगुण होई, म्हणून पणजोबा (की त्यांचे भाऊ?) गोळी गुपचूप गोठ्यात टाकत. आणि घेतली तरी ताप काही महिन्यांनी उलटे, कारण जंतू यकृतात दडून बसतात आणि तिथे कोयनेलचं काही चालत नाही. त्यासाठी आता प्रायमाक्विन देतात, १४ दिवस.

१९४५-४६ च्या सुमारास डॉ. विश्वनाथन यांच्या देखरेखीखाली कारवार-धारवाडकडे घरोघर डीडीटी फवारू लागले. पणजी देवघराला हात लावू देईना. पण फवाऱ्याने ढेकूणही मेले, तेव्हा पुढच्या खेपेला तिने आपणहून फडताळं रिकामी करून दिली! दोन-तीन सुग्यांनी धाकट्या मामाआजोबांचं लग्न निघालं. मांडवात घरचे सगळे पायांवर उभे होते, आणि पणजी पंगतीत वाढता वाढता अक्कासाठी रडली.