साखीरचं पहिलं वळण आणि बोरघाटाचा उतार

बहरीनमध्ये राहणाऱ्यांना साखीरच्या सर्किटबद्दल मी नवीन काय सांगणार? बाकीच्यांसाठी एवढंच: मनामाच्या दक्षिणेला वाळवंटात 5.412 किलोमीटरचा ट्रॅक आहे. 2004 साली तिथे पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली आणि मायकल शूमाकर जिंकला. साधारण किलोमीटरभर सरळ पट्टा आणि लगेच उजवीकडे घट्ट वळण, त्यामुळे ब्रेकची परीक्षा घेणारा ट्रॅक म्हणून त्याचं नाव आहे. ठरावीक दिवशी आपली नेहमीची गाडी घेऊनही तिथे उतरता येतं.

माझा एक पुणेकर मित्र तसाच उतरला. रोज ऑफिसला जायची, मुलीला शाळेत सोडायची तीच गाडी. चौथ्या फेरीत पहिल्या वळणाआधी त्याने ब्रेक दाबला आणि पेडल मऊ पडून थेट खाली गेलं. वळणापलीकडे मोकळी डांबरी जागा ठेवलेली असते, म्हणून गाडी आणि तो दोघंही शाबूत. रात्री फोन आला, "सहा पिस्टनवाले मोठे कॅलिपर बघतोय. तू इतिहासवाली, तुला काय कळणार, पण सांगून ठेवतो."

कळतं थोडंफार. ब्रेकचा इतिहास म्हणजे बराचसा उष्णतेचा इतिहास आहे. दीड टनाची गाडी ताशी 200 वरून थांबवलीत, तर त्यातून निघणाऱ्या उष्णतेत सुमारे सात लिटर पाणी उकळीला येईल. ताशी 100 वरून थांबवलीत तर त्याच्या चौथाई. ट्रॅकवर हे दर फेरीला अनेकदा होतं, आणि मधे ब्रेक थंड व्हायला फुरसत नसते.

हा प्रश्न आपल्या लोकांनी मोटारींच्या आधीच पाहिलाय. 1863 साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने बोरघाटातला मार्ग सुरू केला, तेव्हा काही ठिकाणी उतार 37 फुटांना 1 फूट होता. हातब्रेकच्या जमान्यात अशा उतारावर गाडी सुटली तर? म्हणून कॅच सायडिंग बांधली. सुटलेली गाडी वळवून चढावर घालायची, म्हणजे ती आपोआप थांबते. साखीरची ती मोकळी जागा त्याच जातीची. ब्रेक कधीतरी दगा देणार हे धरूनच दोन्ही आखलेल्या. आणि घाटातल्या ट्रक ड्रायव्हरचा नियम तर तुम्ही बाबांकडून ऐकलाच असेल: ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेकवरची उष्णता इंजिनावर ढकलायची ही युक्ती.

मोटारींमध्ये आधी ड्रम ब्रेक होते. ड्रम तापला की फुगतो आणि आतल्या लायनरपासून लांब जातो, म्हणजे नेमकी गरज असताना पकड कमी. डिस्क उघड्यावर फिरते, वारा लागतो, आणि तापून जाड झाली तरी पॅडच्या दिशेनेच सरकते. 1953 साली ल मां इथली चोवीस तासांची शर्यत जॅग्वारने डनलॉपच्या डिस्क ब्रेकवर जिंकली. त्यानंतर हळूहळू डिस्क आपल्या घरच्या गाड्यांपर्यंत आल्या.

मग मित्राच्या डिस्क ब्रेकना काय झालं? दोष बहुधा ब्रेक ऑइलचा. नाव ऑइल असलं तरी ते तेल नसतं, आणि हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट 4 प्रतीचं नवं ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, त्यात 3.7 टक्के पाणी मुरलं की ती हमी 155 वर येते. उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते, आणि पायाचा जोर पॅडपर्यंत पोचतच नाही. चारी बाजूंनी समुद्र असलेल्या बहरीनच्या दमट उन्हाळ्यात तीन वर्षं ऑइल न बदललेली गाडी... त्यानेच कबूल केलं, तीन वर्षं.

मोठे कॅलिपर त्याला एका दमात लवकर थांबवणार नाहीत. एबीएस लागतंय म्हणजे टायरची पकड आधीच संपलेली असते. मोठी, जाड डिस्क उष्णता जास्त साठवते, हा तिचा खरा फायदा, पण तो नंतरचा मुद्दा. आधी ताजं, जास्त अंशांना उकळणारं ऑइल आणि जास्त उष्णता सोसणारे पॅड. इथे मात्र एक गोम आहे. निव्वळ शर्यतीचे पॅड तापल्याशिवाय नीट धरत नाहीत. सकाळी शाळेच्या दारात कोणी पोरगं मधे धावलं, तर तुमचे पॅड थंडच असणार, आणि तिथे मोकळी डांबरी जागा नसते. म्हणून मी त्याला म्हटलं, रस्ता आणि ट्रॅक दोन्ही चालतील असे मधले पॅड घे, भले दोन फेऱ्या कमी मार. शेवटची फेरी सावकाश मार, ब्रेक निवू दे, आणि गाडी उभी केल्यावर लगेच हँडब्रेक ओढू नकोस.

त्याने ऐकलं. पुढच्या खेपेला पेडल शेवटपर्यंत कडक राहिलं. सहा पिस्टनचे पैसे बँकेतच आहेत, मात्र जुन्या कॅलिपरना त्याने लाल रंग मारलाय.